चढ काढताना वजाबाकी सांभाळ

दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ, म्हणजे ती किती तिरकी आहे, काढायचं सूत्र तुला पाठ आहेच: वायमधला फरक भागिले एक्समधला फरक. गाडी अडते ती चिन्हांपाशी. म्हणून बिंदू दिले की आधी एकाखाली एक लिही आणि ऋण संख्येभोवती कंस घालायचा आळस करू नकोस.

समज, अ (−३, ५) आणि ब (२, −५). ब मधून अ वजा करायचा ठरवलंस, तर वर −५ − ५ म्हणजे −१०, आणि खाली २ − (−३) म्हणजे ५. चढ −२. उलटं, अ मधून ब वजा केलास तर वर १०, खाली −५, उत्तर तेच. कुठला बिंदू पहिला घ्यायचा याचा घोळ घालत बसू नकोस, फक्त वर एक क्रम आणि खाली दुसरा असं होऊ देऊ नकोस. तसं झालं की उत्तर आकड्यात बरोबर येतं, चिन्ह मात्र उलटं, आणि अशी चूक पटकन डोळ्यांत येत नाही.

ती पकडायला कच्ची आकृती पुरते. डावीकडून उजवीकडे जाताना रेषा खाली उतरत असेल, तर चढ ऋणच हवा.

आडव्या रेषेचा चढ शून्य. उभ्या रेषेत खाली शून्य येतं, तिथे ‘चढ शून्य’ लिहू नकोस. तो ठरवताच येत नाही.

आता (०, −१) हा बिंदू घे आणि अ बरोबर त्याचा चढ काढून बघ. तोही −२ आला, तर तिन्ही बिंदू एकाच रेषेवर आहेत.