पट्टा पडल्यावर दहावीचा पेपर

प्रश्न : बाई, नमस्कार. मी पाटोदा तालुक्यातली, वय 33. आईवडील ऊसतोडीला जायचे. धाकट्या भावाला कोपीवर, तिथल्या पालाच्या झोपडीत, सांभाळायला मला सोबत नेलं आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली. आता मी अन् माझे मालक कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जातो. दिवाळी झाली की निघतो, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की येतो. गावात बायांनी मला बचत गटाची सचिव केलंय, पण वही मी शेजारच्या पोरीकडून लिहून घेते. मला दहावी करायचीय, कॉम्प्युटर पण शिकायचाय. आधी काय करू? या वयात जमंल का?
– एक वाचक

उत्तर : ताई, जमेल. पत्र तुम्ही स्वतः लिहिलंय आणि त्यात एकही ओळ खोडलेली नाही. सातवीपर्यंतचं शिकलेलं अजून हातात आहे तुमच्या.

देशात 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी मी केज तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळात कंदिलाच्या उजेडात बायांचा वर्ग घ्यायला लागले. पटावर 25 नावं होती. दिवाळीनंतर 6 उरली. बाया का गळाल्या म्हणून मला विचारणा झाली. त्या फडात होत्या, मोळ्या बांधत होत्या! तेव्हापासून माझा वर्ग गुढीपाडव्याला सुरू होतो आणि दसऱ्याला थांबतो. म्हणून तुमच्या पत्रातलं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वयाचं नाही, ‘दिवाळी झाली की निघतो’ हे आहे.

दहावीचा रस्ता त्यावरूनच ठरवू. आपल्याकडे सगळे 17 नंबरचा फॉर्म भरा म्हणून सांगतात. त्यातून बाहेरून दहावी होते हे खरं, पण राज्य मंडळाची मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि तुम्ही तेव्हा कारखान्यावर असता. पेपरसाठी गावी यायचं म्हणजे खाडे पडणार, मुकादम ते उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशातून, कापणार. तुमच्यासाठी मला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था बरी वाटते. तिची परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नाव नोंदवलं की 5 वर्षं मिळतात आणि त्यात 9 संधी. 5 विषय एकदम द्यायची सक्ती नाही. पट्टा पडला, घरी आलात, की एखाददुसरा विषय द्यायचा. सुटलेला, म्हणजे पास झालेला, विषय जमा राहतो. दहावी मराठी माध्यमातून करता येते, आणि गणित घेतलंच पाहिजे असंही नाही. तरी तुम्ही गणित घ्यावं असं मला वाटतं. का, ते सांगते.

सुरुवात गटाच्या वहीपासून करा. पुढच्या बैठकीत त्या पोरीला शेजारी बसवा, पेन मात्र तुमच्या हातात राहू द्या. समजा एकीने 5,000 रुपये घेतले, महिना शेकडा 2 व्याजाने. पहिल्या महिन्याचं व्याज 100. तिने मुद्दलातले 1,000 फेडले की पुढचं व्याज 4,000 वर, म्हणजे 80. आमच्या वर्गातल्या एका मावशींना पुस्तकातलं शेकडेवारीचं गणित दोन महिने कळेना. फळ्यावर त्यांच्याच घरची उचल मांडली आणि त्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, “आगं बाई, हे तर मला रोजचंच है.” त्या वर्षी फडावर जाताना त्यांनी चाळीस पानी वही सोबत नेली. तारीख, गाडीची खेप, वजन पावतीवरचे टन, रोज एक ओळ. हिशेबाच्या दिवशी मुकादमाच्या वहीसमोर त्यांची वही होती, आणि फरक निघाला तेव्हा बोट ठेवायला जागा होती. तुम्हीही अशी वही ठेवा. माझ्या लेखी यापेक्षा मोठी परीक्षा नाही.

आता कॉम्प्युटर. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स मराठीतून करता येतो, त्याला दहावीची अटही नाही. पण आज फी भरलीत आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीवर काढलेत, तर बसलेला हात जातो. हे मी आमच्याच दोन मुलींचं पाहिलंय, त्यांच्या पैशाचं मला अजून वाईट वाटतं. दोन-तीन विषय सुटू द्या, मग एखाद्या पावसाळ्यात क्लास लावा. तोवर फोन आहेच. त्यावर मराठी टाइप करायला शिका. गटाच्या बैठकीची तारीख बायांना लिहून पाठवा, आवाज रेकॉर्ड करून नको. शेत असेल तर यंदाची ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची फोनवरून होणारी सरकारी नोंद, दुसऱ्याकडून करून न घेता स्वतः बांधावर उभं राहून करा. गट क्रमांक, पिकाचं नाव, क्षेत्र भरायचं आणि फोटो काढायचा. फॉर्म भरण्याची भीती तिथेच मोडते. बँकेचा मेसेज पूर्ण वाचा, ओटीपी मात्र कुणालाही सांगू नका, घरच्या पोरालासुद्धा.

अभ्यासाला वेळ कधी काढायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडतं तिथेच. आमच्या बाया साडेआठला, भाकरी आटोपून येतात. सोबत एखादी जाऊ, नणंद घ्या. दोघी असल्या की घरचे कमी बोलतात. मालकांना एकदा वहीतला व्याजाचा हिशेब करून दाखवा.

आणि एक काम यंदा टोळी निघायच्या आधीच करा. जुन्या शाळेत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला काढा. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख त्याच्याशी जुळते का ते बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा कागदही जोडून ठेवा. आमच्याकडे बायांचं नाव नोंदवायचं अडतं ते बहुतेक याच कागदावर. दोन झेरॉक्स काढा. एक घरी पेटीत ठेवा, एक सोबत न्या.