जर्मन क्रियाविशेषणं: 'हॉयटे', 'निश्ट' आणि 'एर्स्ट' कुठे बसवायचं?

प्रश्न: 'हॉयटे इश गेहे इन्स कीनो' (आज मी सिनेमाला जातो) हे वाक्य चूक ठरलं. का?

उत्तर: 'हॉयटे' जागेवर आहे, पुढचा क्रम बिघडलाय. साध्या विधानात क्रियापदाची जागा दुसरी आणि ती हलत नाही. पहिल्या जागी एकच घटक बसतो. तिथे 'हॉयटे' बसलं की कर्ता क्रियापदानंतर: 'हॉयटे गेहे इश इन्स कीनो'. घटक एकाच शब्दाचा हवा असं नाही. 'हॉयटे आबेंड उम आख्ट' (आज संध्याकाळी आठला) हे चार शब्द मिळून एकच जागा. आणि 'हॉयटे'नंतर स्वल्पविराम नको, ती इंग्रजीची सवय.

'उंड' (आणि), 'आबर' (पण), 'डेन' (कारण) जागा अडवत नाहीत, म्हणून 'आबर हॉयटे गेहे इश'. 'डेसहाल्ब' (म्हणून) मात्र क्रियाविशेषण आहे, ते पहिली जागा घेतं: 'डेसहाल्ब ब्लाइबे इश त्सु हाउझे' (म्हणून मी घरी थांबतो). मराठीत 'म्हणून' आणि 'कारण' दोन्ही उभयान्वयी अव्ययं, त्यामुळे आपल्याकडची मुलं इथे हमखास घसरतात.

प्रश्न: क्लासमध्ये 'टेकामोलो' पाठ करून घेतात, पण पुस्तकातली वाक्यं त्यात बसत नाहीत.

उत्तर: कधी, का, कसं, कुठे या क्रमाचं ते जर्मन लघुरूप. 'इश फारे मॉर्गेन वेगेन डेस श्ट्राइक्स मिट डेम बुस नाख क्योल्न': उद्या, संपामुळे, बसने, कोलोनला. परीक्षेत सुचेनासं झालं की कामाला येतं, पण तो कायदा नव्हे, नुसता कल. ज्यावर भर द्यायचा ते सरकतं.

खरी गोम कर्मात आहे, आणि टेकामोलो त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. कर्म सर्वनाम असेल तर ते क्रियाविशेषणाच्या आधी: 'इश हाबे एस गेस्टर्न गेकाउफ्ट' (मी ते काल विकत घेतलं). 'गेस्टर्न एस' जर्मन कानाला लगेच खटकतं. ठाऊक असलेलं पुस्तक असेल तर तेही सहसा आधीच: 'इश हाबे डास बूख गेस्टर्न गेकाउफ्ट'. पुस्तकाचा उल्लेख पहिल्यांदाच होत असेल तर ते मागे जातं: 'इश हाबे गेस्टर्न आइन बूख गेकाउफ्ट'. म्हणजे जुनी माहिती पुढे, नवी शेवटाकडे. 'डास' (ते ठरावीक) आणि 'आइन' (एक, कुठलंतरी) बघून जागा ठरवा, निम्म्या चुका तिथेच थांबतील.

प्रश्न: 'निश्ट' (नाही) कधी अगदी शेवटी, कधी मधेच. नियम काय?

उत्तर: पूर्ण वाक्य नाकारायचं तर शेवटाकडे: 'इश काउफे डास बूख हॉयटे निश्ट' (मी ते पुस्तक आज विकत घेत नाही). पण काही गोष्टी त्याच्याही मागे राहतात. भूतकृदंत: 'इश हाबे ईन गेस्टर्न निश्ट गेझेएन' (मी त्याला काल पाहिलं नाही). सुटा पडलेला उपसर्ग: 'इश रूफे हॉयटे निश्ट आन' (मी आज फोन करत नाही). 'आहे'सोबतचं विशेषण: 'डास इस्ट निश्ट टॉयर' (ते महाग नाही). कुठे जायचं ते: 'इश फारे निश्ट नाख क्योल्न'. 'कसं' सांगणारा शब्दही: 'एर आर्बाइटेट निश्ट गेर्न' (त्याला काम करायला आवडत नाही). एकच भाग नाकारायचा असेल तर 'निश्ट' थेट त्याच्या आधी: 'निश्ट हॉयटे, झोंडर्न मॉर्गेन', आज नव्हे, उद्या. आणि 'आइन' लागलेलं नाम असेल तर बहुतेकदा 'निश्ट' नकोच, 'काइन' वापरा.

प्रश्न: 'नूर' आणि 'एर्स्ट' दोन्ही 'फक्त'च ना?

उत्तर: नाही. 'इश बिन नूर त्स्वाइ टागे हीअर': मुक्कामच दोन दिवसांचा. 'इश बिन एर्स्ट त्स्वाइ टागे हीअर': येऊन आत्ता कुठे दोन दिवस झालेत, पुढे राहणार आहे. 'एर कॉम्ट एर्स्ट उम आख्ट' म्हणजे आठच्या आधी तो येत नाही. दोन्ही शब्द ज्याला लागू त्याच्या लगेच आधी.

प्रश्न: 'उद्या सकाळी'ला 'मॉर्गेन मॉर्गेन' चालेल?

उत्तर: नाही, 'मॉर्गेन फ्र्यू' म्हणा. 'आज सकाळी' मात्र 'हॉयटे मॉर्गेन'.