आपले प्रश्न : इंग्रजीतील प्रगत नामे कशी आत्मसात करावीत?

प्रश्न : माझे शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. स्पर्धा परीक्षेतील इंग्रजी निबंधासाठी मी अवघड नामांच्या याद्या पाठ करते. परंतु लिहिताना ती आठवत नाहीत आणि आठवली तरी वाक्यात नीट बसत नाहीत. रोज किती शब्द पाठ करावेत?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : संख्येची चिंता सोडावी; पाच शब्द नीट हाताळले तरी दिवस सार्थकी लागला. खरी अडचण अशी की, यादीत नाम एकटे असते आणि वाक्यात त्याला सोबत लागते. ‘लॅक’, ‘डिमांड’, ‘डिस्कस’ ही क्रियापदे थेट कर्म घेतात. पण नाम वापरताच ‘लॅक ऑफ वॉटर’, ‘डिमांड फॉर वॉटर’, ‘डिस्कशन ऑन वॉटर’ असे लिहावे लागते. आपल्याकडील अनेक उत्तरपत्रिकांत चुका होतात त्या इथे, अवघड शब्दाच्या अभावी नव्हे. म्हणून वहीत सुटे नाम न लिहिता त्याच्या शब्दयोगी अव्ययासह आणि नेहमीच्या क्रियापदासह लिहावे.

दुसरे म्हणजे, प्रगत नामाचे काम केवळ भारदस्त दिसणे हे नसून, आधीचे अख्खे वाक्य एका शब्दात गोळा करून पुढे नेणे हे आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हा विषय घ्या. पहिल्या वाक्यात ‘बोअरवेल्स हॅड डिप्लीटेड द ग्राउंडवॉटर’ असे क्रियापदाने सांगितले, की पुढील वाक्य ‘धिस डिप्लीशन’पासून सुरू करून त्याच्या परिणामांकडे वळता येते. ‘स्केअर्स’वरून ‘स्केअर्सिटी’, ‘रिलाय’वरून ‘रिलायन्स’ हेही याच रीतीने. मात्र प्रत्येक ओळीत तीन-तीन ‘शन’ आले, तर निबंध सरकारी परिपत्रकासारखा वाचला जातो. ‘डिसायडेड’ने भागत असेल तिथे ‘टुक अ डिसिजन’ कशाला?

याद्या टाकाऊ नाहीत. भाषा-अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्टमध्ये, म्हणजे अभ्यासपूर्ण लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांच्या यादीत, ५७० शब्दकुले आहेत आणि एकेका कुळात क्रियापद, नाम, विशेषण एकत्र सापडतात. ‘अ‍ॅनालाइझ’बरोबर ‘अ‍ॅनालिसिस’ आणि ‘अ‍ॅनालिटिकल’ही येते. कोणत्याही जाड पुस्तकापेक्षा ही यादी आपल्या कामाची आहे.

अनेकवचनाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘इन्फॉर्मेशन’, ‘एव्हिडन्स’, ‘इक्विपमेंट’, ‘अ‍ॅडव्हाइस’ यांना शेवटी ‘एस’ लावायचा नसतो, तर ‘क्रायटेरियन’चे ‘क्रायटेरिया’ आणि ‘फिनॉमिनन’चे ‘फिनॉमिना’ होते. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात अगणनीय नामापुढे ‘यू’ आणि गणनीय नामापुढे ‘सी’ अशी खूण बहुधा असते. नाम वहीत उतरवताना ती खूणही सोबत उतरवावी.