चेक, शह आणि चौकडीचा शर्ट

बँकेतला चेक, चेक्सचा शर्ट आणि ‘एकदा चेक कर’ यांतले चेक वेगवेगळे शब्द आहेत का, असं तुम्ही विचारलंय. नाही, तिघांचं मूळ एकच, आणि त्याचा सख्खा भाऊ आपल्याला निवडणुकीच्या दिवसांत रोज पेपरात भेटतो: शह.

फारसीत शाह म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर मारा आला की ‘शाह!’ म्हणायचं. अरबांमार्फत खेळ युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘एशेक’ झालं, इंग्रजीत ‘चेक’. ‘चेस’ हे त्याचंच अनेकवचन. आपण फारसीतून सरळ शह घेतला आणि काटशह पदरचा जोडला.

शह बसला की राजाला बाकी सगळं सोडून आधी तो निवारावा लागतो. त्यावरून चेक म्हणजे रोखणं, मग लगाम ठेवणं, आणि लगाम ठेवायचा तर तपासणं आलंच.

शर्टाची गोष्ट पटावरून आली. बुद्धिबळाचा पट तो ‘एशेकिए’. त्याच्यासारख्या चौकड्या त्या चेक्स. पण खरी मजा इंग्लंडच्या खजिन्यात आहे. 12व्या शतकात राजा दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने तिथल्या कारभाराचं बारीक वर्णन लिहून ठेवलंय. साधारण 10 फूट बाय 5 फूट टेबल, त्यावर रेघा आखलेलं काळं कापड. पेन्स, शिलिंग, पौंड असे रकाने, आणि त्यांत सोंगट्या सरकवून हिशेब. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करून बघा, म्हणजे कापड का लागायचं ते कळेल! एका बाजूला वसुलीचा हिशेब देणारा शेरीफ म्हणजे परगण्याचा अधिकारी, दुसऱ्या बाजूला खजिनदार. फिट्झनील स्वतःच म्हणतो की हा बुद्धिबळासारखा सामना आहे. म्हणून खात्याचं नाव ‘एक्सचेकर’, आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’.

बँकेतला चेक त्यामानाने अलीकडचा, 18व्या शतकातला. आधी चेक म्हणजे खोट्या कागदाला आळा घालायला, पडताळणीसाठी ठेवलेलं अर्धुक; पुढे कागदालाच ते नाव चिकटलं. ब्रिटिशांनी त्याचं स्पेलिंग एक्सचेकरच्या (exchequer) वळणावर cheque असं नेलं, अमेरिकनांनी साधं check च ठेवलं. त्यांच्याकडे हॉटेलचं बिलसुद्धा चेकच.

चेक प्रजासत्ताकाचा मात्र या खानदानाशी काडीचा संबंध नाही. ते एका स्लाव लोकसमूहाचं नाव आहे.