भूमितीचा पहिला आठवडा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत सहावीला गणित शिकवण्याचे काम तुझ्याकडे आले, हे वाचून फार आनंद झाला. भूमितीची सुरुवात कशी करावी, असे तू विचारले आहेस. बिंदू, रेषा, किरण, प्रतल (म्हणजे सपाट पृष्ठ) आणि कोन यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून पाठ करून घेतल्यास तो धडा दोन तासांत संपेल, पण पुढे एस.एस.एल.सी.पर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मुले प्रमेये घोकत राहतील. म्हणून पहिला आठवडा एकाच प्रश्नासाठी राखून ठेव, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: एखादी आकृती पक्की ठरायला कमीत कमी किती गोष्टी माहीत असाव्या लागतात?

बिंदूची व्याख्या नीट करता येत नाही म्हणून संकोचू नकोस. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने ‘ज्याला भाग नाही तो बिंदू’ असे लिहिले, पण भाग म्हणजे काय, हे मात्र सांगितले नाही. 1899 मध्ये हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने बिंदू, रेषा आणि प्रतल यांच्या व्याख्या न देता त्यांचे परस्परांशी असलेले नाते नियमांनी बांधून दिले. मुलांना एवढेच कळू दे की खडूच्या ठिपक्याला रुंदी असते, बिंदूला नसते. ठिपका फक्त जागा दाखवतो.

मग एका बिंदूतून रेषा काढायला सांग. त्या कितीही निघतात, हे मुलांना लगेच दिसेल. दुसरा बिंदू दिला की दोन्हींतून जाणारी रेषा एकच उरते, आणि गवंडी भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणतो तो याच भरवशावर. दोरी टोकांपाशी संपते, म्हणून तो रेषाखंड झाला; रेषा दोन्हीकडे आणि किरण एकीकडे अमर्याद जातो. येथे फार वेळ घालवू नकोस, फक्त रेषाखंड कख आणि रेषाखंड खक एकच असले तरी किरण कख आणि किरण खक वेगळे असतात, हे मात्र वहीत काढून घे, कारण मोठ्या वर्गातही मुले तेथेच अडखळतात.

प्रतलासाठी एका रेषेत नसलेले तीन बिंदू पुरतात. खडबडीत जमिनीवर तिवई डगमगत नाही आणि चार पायांचे टेबल डगमगते, कारण तीन पायांच्या टोकांतून एक प्रतल नेहमीच जाते, पण चौथे टोक त्यातच असेल याची खात्री नसते.

यानंतर मुलांना काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे दे. तीन काड्या जोडून झालेला त्रिकोण दाबला तरी बदलत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र हात लावताच कलतो. कर्णाची एक काडी घातली की चौकोन हलायचा थांबतो, कारण त्याचे दोन त्रिकोण झालेले असतात. हे प्रत्येक मुलाने स्वतःच्या हातांनी करून पाहिले पाहिजे. तू करून दाखवणे पुरेसे नाही.

येथून त्यांना शेताकडे ने. आपल्या भागातल्या मुलांच्या कानावर गुंठा हा शब्द रोज पडतो. मोजणीची जुनी साखळी 33 फुटांची, तिचे 16 सारखे भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौरस म्हणजे 1089 चौरस फूट, तोच गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. आता विचार की चारही बांध 33 फुटांचे असतील, तर जमीन गुंठाभर असेलच का? बहुतेक मुले हो म्हणतील. तेव्हा काड्यांचा चौरस कलवून दाखव. बाजू तितक्याच राहतात, आतली जागा मात्र घटते. कोपऱ्याचा कोन 30 अंशांचा झाला तर ती बरोबर अर्धी, म्हणजे 544.5 चौरस फूट उरते. ज्यांच्या घरी वाटणीवरून बोलणी चालू असतील, त्या मुलांना याचे महत्त्व वेगळे समजवावे लागणार नाही. वेड्यावाकड्या शेताचे मोजणीदार त्रिकोण का पाडतो, हेही त्यांना आपोआप उमगेल.

कोनाची गरज अशी पटल्यावरच कोनमापक हातात दे. लांब भुजांचा कोन मोठा, असा समज मुलांच्या मनात खोल रुजलेला असतो; त्यासाठी एकाच कोनाच्या भुजा वाढवत प्रत्येक वेळी मोजायला लाव. गावात घराचे बांधकाम चालू असेल तर वर्गाला तेथे ने. पाया आखताना गवंडी एका बाजूवर 3 फूट आणि दुसरीवर 4 फूट खूण करतो, आणि दोन खुणांमधले अंतर 5 फूट भरले की कोपरा काटकोनात आहे असे मानतो. तीन लांबींनी त्रिकोण पक्का होतो, तसा त्याचा प्रत्येक कोनही पक्का होतो, म्हणूनच ही तपासणी चालते. पायथागोरसचे नाव इतक्यात घेण्याची आवश्यकता नाही.

समांतर रेषा दुसऱ्या आठवड्यात घे. काड्यांचा प्रयोग झाला की मुलांनी काय काय प्रश्न विचारले, ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव.

तुझा,
गुरुजी