समोरच्या भाभींसाठी प्रार्थना करते, त्यांना सांगू का?

प्रश्न: ताई, आम्ही नेरूळला राहतो, कॅथलिक आहोत. समोरच्या फ्लॅटमध्ये मुस्लिम कुटुंब आहे, तिथल्या भाभींशी माझं छान जमतं, ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो आणि नाताळला मी केक न् करंज्या देते. सध्या त्यांच्या सासूबाई हॉस्पिटलमध्ये आहेत. मी रोज त्यांच्यासाठी रोझरी (आमची जपमाळेची प्रार्थना) म्हणते पण भाभींना बोललेले नाही. आमच्या प्रेयर ग्रुपमधल्या एकजणी म्हणतात की ही चांगली संधी आहे, येशूबद्दल बोल, एखादं पुस्तक नेऊन दे, ठाण्याच्या ख्रिस्ती हुतात्म्यांनी धर्मासाठी जीव दिला आणि तुला साधं बोलता येत नाही का? मिस्टर म्हणतात, दिवस बरे नाहीत, तू यात पडूच नकोस. मी काय करू?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: प्रार्थना चालू ठेवा आणि भाभींना खुशाल सांगा. "भाभी, अम्मींसाठी मी रोज प्रार्थना करते हां," बस एवढंच, पुढे काही जोडू नका. त्यांच्याकडे एकमेकांना दुआ करायला सांगणं रोजचंच असतं, त्यांना बरंच वाटेल असं मला मनापासून वाटतं. मग विचारा की कशासाठी प्रार्थना करू, कारण नुसतं "देवा त्यांच्यावर कृपा कर" म्हणणं आणि अम्मींची शुगर, उद्याचा रिपोर्ट, रात्रभर खुर्चीवर बसून काढणारा मुलगा, बिलाचं टेन्शन हे सगळं नावानिशी देवापुढे ठेवणं यात फार फरक आहे. बेडजवळ मोठ्याने प्रार्थना, कपाळावर क्रूस, पवित्र पाणी वगैरे मात्र त्यांनी स्वतःहून म्हटल्याशिवाय करू नका. आजारी बाईला नाही म्हणता येत नाही हो.

पुस्तक अजिबात नेऊ नका. कुणाची आई ॲडमिट असताना तिला "संधी" म्हणणं मला फार लागतं, स्पष्टच सांगते. उद्या भाभींना कळलं की केक, करंज्या, विचारपूस हे सगळं त्या पुस्तकापर्यंत पोचायला होतं, तर त्यांनी तुमच्यावर पुन्हा विश्वास का ठेवावा?

पण त्यांनी आपणहून विचारलं तर लाजू नका, खरं ते सांगा. येशू आणि त्याची आई मारिया त्यांना परके नाहीत, कुराणात १९ वी सूरा मरियमच्या नावाची आहे आणि इसांना, म्हणजे येशूला, ते पैगंबर मानतात. मात्र येशू देवाचा पुत्र आहे हे ते मानत नाहीत, क्रूसावरचं मरणही मानत नाहीत. हा फरक मोठा आहे आणि "सगळं एकच आहे" म्हणून तो झाकायची गरज नाही, दोघींनी आपापलं शांतपणे सांगावं आणि चहा प्यावा. आणि तुमच्या त्या ग्रुपमध्ये एकदा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं नोस्त्रा एताते, म्हणजे इतर धर्मांबद्दलचं चर्चचं निवेदन, वाचायला घ्या, २८ ऑक्टोबर १९६५ चं आहे, अगदी छोटंसं. मुस्लिमांकडे चर्च आदराने पाहतं, जुनी भांडणं मागे टाकून दोघांनी समाजासाठी एकत्र काम करावं, असं त्यात सरळ लिहिलंय.

हुतात्म्यांचं म्हणाल तर ते आपलेच आहेत, १३२१ मध्ये ठाण्यात धर्मप्रचारक थॉमस ऑफ टोलेंटिनो आणि त्यांच्या तीन सोबत्यांना मारलं गेलं, त्यांची आठवण ठेवायलाच हवी. पण त्यांना काझीसमोर उभं केलं होतं, तुमच्यासमोर काळजीने अर्धी झालेली एक सून उभी आहे! शिवाय ते ज्यांच्या संघाचे होते ते संत फ्रान्सिस स्वतः १२१९ मध्ये, क्रूसेडची (ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धाची) लढाई चालू असताना, इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिलला भेटायला गेले, आपल्या श्रद्धेबद्दल बोलले, सुलतानाने ऐकून घेतलं, धर्म कुणीच बदलला नाही आणि फ्रान्सिस सुखरूप परत आले. ग्रुपमध्ये ही गोष्टही सांगा ना.

मिस्टरांची भीती मात्र उडवून लावू नका, सध्या साध्या गोष्टीचाही कोण काय अर्थ काढेल सांगता येत नाही. म्हणूनच सगळं उघडपणे करा आणि हॉस्पिटलला जाताना त्यांनाही घेऊन जा, त्या मुलाशी दोन शब्द बोलले की त्यांना आपोआप कळेल तिथे काय चाललंय.

बाकी बारीकसारीक. नाताळच्या केकमध्ये रममध्ये भिजवलेली फळं असतील तर त्यांच्यासाठी वेगळा, बिनरमचा करा आणि तसं सांगूनच द्या. रमजानमध्ये संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळेला बेल मारू नका, त्यांनी बोलावलं तर जरूर जा. २०२५ ला त्यांचा रमजान २ मार्चला सुरू झाला आणि आपला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस, ५ मार्चला होता, म्हणजे समोरासमोरच्या दोन्ही घरांत उपास! तेव्हा काय छान गप्पा होऊ शकतात, उपास कसा करता, का करता, मुलं कधीपासून करतात. आत्ता हॉस्पिटलमध्ये डबा द्यायचा असेल तर व्हेज द्या म्हणजे हलालचा प्रश्नच येत नाही, फक्त आधी भाभींना फोन करून विचारा, अम्मींना मीठ बंद असेल कदाचित.