जुनं रील आणि कॉलेजची मुलाखत

"मावशी, मी कोथरूडला राहतो, बारावीत आहे. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचा फॉर्म भरलाय, तिथे मुलाखत असते. दहावीत असताना वर्गातल्या, गावाकडून आलेल्या एका मुलीच्या बोलण्याची नक्कल करणारं रील मी इन्स्टावर टाकलं होतं. ते अजून आहे. आई म्हणते, अख्खं अकाउंट उडव. बाबा म्हणतात, कॉलेजवाल्यांना एवढा वेळ कुठे? कॉलेजने हे बघावं का? आणि मी काय करू?"

अरे, बाबांचं म्हणणं अर्धं खरं. एमएचटी-सीईटी देऊन इंजिनिअरिंगला जाणाऱ्याचं कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, पर्सेंटाइल, आरक्षण आणि पसंतीक्रम एवढंच बघतात. मुलाखतीचं तसं नाही. समोर बसलेल्या सरांनी आदल्या रात्री तुझं नाव सर्च केलेलं असलं, तर तुला कळणारही नाही.

माझा आक्षेप तिथेच आहे. मार्क कमी पडले तर फेरतपासणीचा अर्ज करता येतो. कुणी गुपचूप बघितलेल्या रीलवर तू बाजू कशी मांडणार? शिवाय अकाउंट उघडलं की नुसता फाजीलपणा दिसत नाही. जात, धर्म, घरचे कोणत्या पक्षाचे, सगळं दिसतं, आणि मुलाखत घेणाऱ्याला यातलं काहीही कळायची गरज नसते. ही पद्धत एकदा पडली ना, की तळजाईच्या टेकडीवर रोपं लावतानाचे फोटो काढून देणारे क्लास निघतील. पुण्यात तर आठवडाभरात! तेव्हा माझं मत विचारशील तर, बघू नये. बघायचंच असेल तर तसं फॉर्मवर छापावं आणि खटकलं ते मुलाला तोंडावर विचारावं.

पण जगात बघतात. फेसबुकच्या खासगी ग्रुपमधल्या अश्लील आणि वर्णद्वेषी मीम्समुळे हार्वर्डने 2017 मध्ये निदान दहा मुलांना दिलेला प्रवेश काढून घेतला. आपल्याच पुण्यात मे 2025 मध्ये इंजिनिअरिंगच्या एका मुलीला ऑपरेशन सिंदूरवरच्या पोस्टपायी कॉलेजने काढून टाकलं, वर अटकही झाली. पोस्ट तिने लगेच काढली होती. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला आणि कॉलेजच्या कारवाईला स्थगिती. सगळ्यांनाच काही कोर्टाची पायरी परवडत नाही.

आईचा उपायही पुरा पडत नाही. पुढे अमेरिकेला शिकायला जायचं म्हटलंस, तर व्हिसाच्या फॉर्मवर मागच्या पाच वर्षांत सोशल मीडियावर वापरलेली नावं लिहावी लागतात. उडवलेलं अकाउंटही त्यात आलंच.

आता मला खटकलं ते. एवढ्या पत्रात ती मुलगी एका वाक्यापुरती आली, बाकी सगळी काळजी तुझ्या प्रवेशाची. रील आज काढ, ज्या मित्रांनी शेअर केलं असेल त्यांनाही काढायला लाव. मग तिला मेसेज कर: मी तुझी नक्कल केली, ते वाईट होतं, सॉरी. तेव्हा लहान होतो वगैरे पुराण नको. तिने उत्तर दिलं नाही तर पुन्हा पुन्हा मेसेज करू नकोस. आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट मुलाखतीत दाखवायला ठेवलास, तर मात्र मला पुन्हा पत्र पाठवू नकोस.

मुलाखतीत रीलचा विषय निघालाच, तर घडलं तसं सांग. बाकी अकाउंट राहू दे. आईला म्हणावं, मावशीने परवानगी दिलीय, फक्त बोर्डाची परीक्षा होईपर्यंत फोन तिच्या कपाटात.